अठ्ठेचाळीस मिनिटांची बॅटरी

१

मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला वस्तीतली वीज गेली आणि दुपारी सव्वाला परत आली. तेवढ्या वेळात एका घरातले तात्या गेले.

घरात आणि गल्लीत सगळे त्यांना तात्याच म्हणत. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातलेला माणूस. हात अजून शाबूत होते, पण फुप्फुसांनी केव्हाच मान टाकली होती. दीड वर्षापासून नाकात नळी आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र. वीज गेली की ते यंत्र बॅटरीवर चालायचं. बॅटरी भाड्याची, इलेक्ट्रिक बाइकमध्ये बसते तीच, वर मूठ असलेली, अकरा किलोची. कंपनीने लेखी दिलं होतं, किमान तीन तास चालेल. ती चालली अठ्ठेचाळीस मिनिटं.

बुधवारी सकाळी ती बॅटरी कंपनीच्या तपासणीच्या टेबलावर आली. टेबलामागे मापारीण बसली होती.

तिचं खरं नाव कामावर फार थोड्यांना आठवत असे. बावीस वर्षं ती मोजतच आली होती, आधी विजेचे मीटर आणि मग बॅटऱ्या. रुग्णांच्या घरी जाणारी बॅटरी असली की ती पूर्ण भरायची, पूर्ण रिकामी करायची आणि उरलेला दम टक्क्यांत लिहून खाली सही करायची. त्याला दिवस जायचा. बाइकच्या बॅटऱ्या रोज साठ-साठ येत, त्यांना एवढा वेळ कोण देणार? त्यांच्यासाठी कंपनीने झटपट यंत्र आणलं होतं. दहा मिनिटांत आकडा. सत्तरच्या वर असेल तर पुन्हा रस्त्यावर, खाली असेल तर भंगारात.

तात्यांच्या बॅटरीपुढे तिने तीन आठवड्यांपूर्वी पूर्ण तपासणी करून लिहिलं होतं, एक्याण्णव.

साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. "मोजताना काही इकडचं तिकडे झालं असेल?"

"नाही."

"माणसाच्या हातून होतं हो."

"होतं. पण इथे झालेलं नाही."

"मग परवा पोलिसांना मी काय देऊ? बॅटरी खोटी नसेल तर तुमचं माप खोटं. दोन्ही खरी असतील तर तुम्हीच जाऊन काय ते शोधा. शुक्रवारी दुपारपर्यंत अहवाल हवाय."

ते गेल्यावर तिने बॅटरी उघडली. आत सेलच्या तेरा जुड्या असतात, माळेत मणी ओवावेत तशा एकापुढे एक. बारा जुड्या बऱ्यापैकी होत्या. सातवी पार गेलेली. आणि एक जुडी संपली की माळच थांबते, बाकीच्या बारांत कितीही दम असो.

मग तिने आतल्या सर्किटवरची नोंद पाहिली. ही बॅटरी आजवर अकराशे चाळीस वेळा चार्ज झाली होती. तिच्या वहीत तात्यांच्या बॅटरीपुढे चारशे दहा होते. तीन आठवड्यांत सातशे वेळा बॅटरी कुणी भरत नाही.

तिने बॅटरी आडवी करून मुठीच्या आत पाहिलं. मोजून झालेल्या बॅटरीला तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्यायची तिची सवय होती. दर तीन महिन्यांनी ती रंग बदलायची. तात्यांच्या बॅटरीला तिने निळा ठिपका दिला होता.

हा ठिपका पिवळा होता.

म्हणजे ही तात्यांची बॅटरी नव्हतीच. वरची चिठ्ठी त्यांच्या नंबरची, आतला माल दुसरीकडचा. मापारणीला क्षणभर हायसं वाटलं. मग तिला पिवळ्याचा अर्थ लागला आणि खुर्चीत बसवेना. पिवळा म्हणजे आधीच्या तिमाहीतला. ज्या बॅटरीने माणूस मेला, तीही तिनेच मोजली होती आणि 'चालेल' म्हणून सही ठोकली होती.

२

दुपारी ती तात्यांच्या घरी गेली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, आतल्या खोलीत पलंग. गादी गुंडाळून ठेवलेली, यंत्र भिंतीकडे वळवलेलं.

घरात थोरला मुलगा आणि त्याची बायको होती. थोरला दिवसभर बाइकवर पार्सलं पोचवायचा. बायको घरी शिवणकाम करायची. गल्लीत सगळ्यांची ती वहिनी. सासऱ्यांचं पथ्यपाणी, औषधं, नळी बदलणं, सगळं तिच्याकडे.

"मी बॅटरी मोजणारी," मापारणीने सांगितलं. "दोष कुणाला द्यायला आलेले नाही. काय झालं तेवढं समजून घ्यायचंय."

"काय समजायचंय?" थोरला दाराशीच उभा होता. "तीन तासांची बॅटरी तीन तास चालली नाही. आणि ज्यांनी घरात असायचं ते घरात नव्हते."

वहिनी मशीनवरचं कापड सरळ करत राहिली. त्यावर एकही सुरकुती नव्हती.

"तुम्ही कुठे होता त्या वेळी?" मापारणीने तिला विचारलं.

"दोरा आणायला गेले होते."

"किती वेळ?"

"बारा वाजता गेले. एकला पाच कमी असताना आले."

"दोऱ्याला पंचावन्न मिनिटं," थोरला म्हणाला. तो मापारणीकडे पाहून बोलत होता. मंगळवारपासून तो बायकोशी असाच बोलत असावा, तिसऱ्या माणसाला मध्ये घालून. "कोपऱ्यावर दुकान आहे. साडेबाराच्या सुमाराला शेजारच्यांना यंत्राची शिट्टी ऐकू आली. त्यांना वाटलं कुणाचं तरी कपडे धुण्याचं मशीन असेल."

"वीज नसताना?"

"तेच ना. कुणाच्या डोक्यात आलं नाही."

मापारणीने त्याची बाइक बघायला मागितली. बोळात उभी होती. बॅटरी ह्याच कंपनीची, ठिपकाही पिवळा. पण चिठ्ठी कारखान्यात चिकटवलेली, कडेला हवेचे बुडबुडे, जरा तिरकी. सर्किटवरची नोंद वहीशी जुळली. ही बॅटरी जिथली तिथेच होती. थोरल्याने काही बदललेलं नव्हतं.

ती परत आत आली आणि पलंगापाशी रेंगाळली. उशाशी फळीवर स्वच्छ फडक्यावर हत्यारं ओळीने मांडली होती. पोलादी पट्टी, काटकोन पाहायचा गुण्या, जाडी मोजायचं कॅलिपर आणि पेन्सिलीएवढी एक टोकदार सळई.

"ही कशाची?"

"रेघ मारायची," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजाला पहिल्यांदाच जरा ओलावा आला. "धातूवर काम करायच्या आधी तिने खूण करतात. तात्यांचे हात रिकामे राहायचे नाहीत. माझ्या मशीनचा अडकलेला खटका पलंगावर बसून नीट करून दिला. पण आधी रेघ, मग काम. साधी चिठ्ठी डब्याला लावायची तरी गुण्या लावून रेघ मारायचे. मी हसायचे."

मापारीण हसली नाही. सकाळी त्या बॅटरीवर तिला दोन बारीक चरे दिसले होते, चिठ्ठीच्या कोपऱ्याला लागून, काटकोनात. नेण्याआणण्यात ओरखडे पडले असतील म्हणून तिने सोडून दिले होते. आता तिला ती चिठ्ठी डोळ्यांपुढे दिसली. बुडबुडा नाही, केसभर तिरकी नाही. जुन्या कारागिराच्या हाताने रेघ पाहून बसवलेली.

ज्याचा श्वास त्या बॅटरीवर अवलंबून होता, त्यानेच तिच्यावर खोटा नंबर चिकटवला होता.

३

गुरुवारी ती उठल्यापासून येरझारा घालत होती. माणूस आपल्याच मरणाची चिठ्ठी चिकटवतो का? कंटाळला असेल, असं म्हणावं तर पलंगावर बसून सुनेचं मशीन दुरुस्त करणारा माणूस कंटाळलेला नसतो. शिवाय चिठ्ठी चिकटवणं वेगळं आणि अकरा किलोचं धूड उचलून ठेवणं वेगळं. तात्यांना पलंगावरून दारापर्यंत जायला दोनदा थांबावं लागे. तेव्हा उचलणारे हात दुसऱ्या कुणाचे तरी होते.

दर पंधरा दिवसांनी त्या घरी कंपनीचा फिटर जायचा. त्याच्या ताब्यात जुन्या-नव्या बॅटऱ्यांचं कपाटच होतं. चांगली बॅटरी काढून मेलेली बसवणं त्याच्यासाठी हातचा मळ.

फिटर गोदामाच्या मागच्या शेडमध्ये सापडला. पन्नाशीचा, बोलका माणूस. आज तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा.

"गेल्या खेपेला गेलास तेव्हा सर्किटची नोंद पाहिली होतीस?" तिने विचारलं.

तो चिंधीने हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मापारीणबाई, तुमच्यापुढे खोटं चालायचं नाही. मी चिठ्ठी स्कॅन केली, हिरवा दिवा आला, निघालो. दिवसाला चौदा घरं असतात."

"ती बॅटरी बदललेली होती."

"माझ्या कपाटातली सगळी मोजून घ्या. एक इकडची तिकडे नाही." त्याने किल्ली तिच्यापुढे ठेवली. तिने खरोखरच मोजल्या. वहीप्रमाणे सगळ्या जागेवर होत्या.

"त्यांच्याकडे जादा सिलिंडर कसा नव्हता?"

"होता. बॅटरी बसवली तेव्हा परत आणला. साहेबांचा हुकूम. तीन तासांची बॅटरी असताना सिलिंडर कशाला अडकवून ठेवायचा म्हणाले." तो स्टुलावर बसला. "एक गोष्ट मला खातेय. त्या दिवशी वहिनींचा फोन आला होता. दुसरी बॅटरी घेऊन लगेच या म्हणाल्या. मी त्या टोकाला होतो, कामात होतो. म्हटलं, वहिनी, तीन तास आहेत, घाई कसली? तासाभरात येतो. त्या काही बोलल्या नाहीत. फोन ठेवला."

"किती वाजता आला फोन?"

त्याने मोबाइल काढून दाखवला. अकरा बावन्न.

मापारणीने वेळ दोनदा वाचली. वीज गेली अकरा चाळीसला. बारा मिनिटांत फोन. जिच्या घरी तीन तासांची बॅटरी आहे, ती बाई बाराव्या मिनिटाला दुसरी मागत नाही. निवांत आपलं शिवण शिवत बसते.

वहिनीला माहीत होतं.

४

आता प्रश्न उरला, चांगली बॅटरी गेली कुठे?

तात्यांची धाकटी मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची आणि तिच्या बाइकलाही ह्याच कंपनीची भाड्याची बॅटरी होती. घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने गोळा करायचं तिचं काम. पहाटे निघायचं, बर्फाचा डबा मागे बांधून दिवसाला सत्तर किलोमीटर फिरायचं. वडील जाऊन दोन दिवस झाले नव्हते तरी ती कामावर हजर होती. प्रयोगशाळेच्या मागच्या आवारात नळ्यांवर नावं चिकटवत ती मापारणीशी बोलली.

"घरी बसले की डोकं फिरतं. इथे निदान हात चालतात." तिचे डोळे सुजलेले होते, हात झपाझप चालत होते. "तुम्ही वहिनीशी बोललात?"

"बोलले."

"दीड वर्ष तिने खूप केलं, नाही म्हणत नाही मी. पण त्या एका तासाला दोरा आणायला जायचं? मला नाही जमणार तिला माफ करायला. दादालाही नाही जमत."

मापारणीने विषय बदलला. "ही तुमची बाइक?"

"हो. हिने तर जीव नकोसा केला होता. साठ टक्के दाखवायची आणि चढावर आली की दिवे गुल. एकदा उड्डाणपुलावर दोन ट्रकांच्या मध्ये उतरून ढकलली. घरी जाऊन सांगितलं तर तात्या दिवसभर बोलले नाहीत. कंपनीत नेली बॅटरी, तर म्हणाले बहात्तर आहे, नियमात बसते, बदलून मिळणार नाही. पुढच्या वर्षी नव्या येतायत, दहा मिनिटांत भरतात, वीस वर्षं चालतात, तोवर चालवा."

बहात्तर. मापारणीने बर्फाच्या डब्याच्या कडेला हात टेकला.

"आता कशी चालते?"

"आता बरी आहे. मी चढ टाळते, हळू चालवते, त्यानेच असेल. पण आता चार्जर बिघडलाय बघा. आधी तासा-सव्वातासात फुल व्हायची. आता चार तास लागतात. तेवढा एक चार्जर बदलून द्याल का?"

"कधीपासून लागतात चार तास?"

धाकटीने आठवून पाहिलं. "पंधरा दिवस झाले असतील. त्या रविवारी मी घरी गेले होते. तात्या म्हणाले, दमलीस, आत जाऊन पड जरा. दोन तास मेल्यासारखी झोपले. त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून."

ज्या हंड्यात निम्मा गाळ साचलाय, तो झटकन भरतो, आणि झटकन रिकामाही होतो. भरायला वेळ लागू लागला तर हंडा बिघडलेला नसतो. हंडा नवा असतो.

मापारणीने वाकून बाइकच्या बॅटरीच्या मुठीत पाहिलं. निळा ठिपका होता. चिठ्ठी धाकटीच्या नंबरची, कडेला काटकोनात दोन बारीक रेघा.

"काही कळलं का तुम्हाला?" धाकटीने विचारलं.

बावीस वर्षांत मापारणीने कुणाला खोटा आकडा सांगितला नव्हता. "अजून नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी दहाला भावाकडे याल? बाइक घेऊनच या."

५

शुक्रवारी ती नऊलाच त्या घरी पोचली. थोरला बाहेर गेला होता. वहिनी दार उघडून बाजूला झाली.

"बसा, चहा टाकते."

"चहा नको. तुम्हीच बसा." मापारणीला मात्र बसवत नव्हतं. ती खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. "त्या रविवारी धाकटी आत झोपली होती. तुम्ही तात्यांची बॅटरी काढून तिच्या बाइकला लावली आणि तिची इथे आणलीत. तात्यांनी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, म्हणजे फिटरला कळू नये आणि तिलाही. मंगळवारी वीज गेल्यावर बाराव्या मिनिटाला तुम्ही फिटरला फोन केलात, कारण इथे तीन तास नाहीत हे तुम्हाला माहीत होतं. मग तुम्ही दोरा आणायला नाही गेलात. कुठे गेलात, तेवढं मला सांगता येत नाही."

वहिनीचे हात मांडीवर एकमेकांत अडकले. बोलायला लागली तेव्हा एका दमात बोलली, तीन दिवस तोंडाशी धरून ठेवल्यासारखी.

"मी नाही म्हणत होते. चार दिवस नाही म्हणाले. ते म्हणाले, इथली वीज जाते ती दहा मिनिटं, फार तर वीस. माझ्या उशाशी तीन तास नुसते पडून असतात आणि पोरगी ट्रकांच्या मध्ये गाडी ढकलते. मी म्हटलं, कंपनी पुढच्या वर्षी नव्या देणार आहे. तर म्हणाले, पुढच्या वर्षीच्या बॅटरीवर ती आज घरी कशी पोचेल?"

मापारीण खिडकीपाशी थांबली.

"त्यांनी तिची जुनी बॅटरी आधी पारखली होती. यंत्र लावलं, घड्याळ समोर ठेवलं. सत्तर मिनिटं चालली. म्हणाले, वीस मिनिटांच्या खड्ड्यावर सत्तरचा पूल, आणखी काय पाहिजे? मला शपथ घातली, धाकटीला कळता कामा नये. कळलं तर ती घेणार नाही."

"आणि मंगळवारी?"

"दहा मिनिटं झाली तरी वीज येईना. वीज कंपनीत फोन केला, म्हणाले येईल एवढ्यात. फिटरला केला. ह्यांना पाच वेळा केला, ते गाडीवर, उचलेनात. तात्या म्हणाले, पार्सलच्या गोदामात जा, तो बाराला माल उचलायला येतो, त्याची बॅटरी घेऊन ये. जायला पंचवीस मिनिटं, यायला गाडीवर दहा. माझ्याकडे पन्नास आहेत, घाबरू नकोस. मी धावत गेले. हे पाच मिनिटांपूर्वी निघून गेले होते. तिथूनच रुग्णवाहिकेला फोन केला आणि उलट धावत आले. ती आली तेव्हा सगळं झालं होतं."

"धाकटीला का नाही फोन केलात?"

"नंबर काढला होता." तिने डोळे मिटले. "ती तासाभराच्या वाटेवर होती, पोचली नसतीच. तरी काढला. त्यांनी माझा मोबाइल हाताने दाबून ठेवला आणि मान हलवली. नको."

बाहेर कुणाची तरी पावलं वाजली आणि पुढे गेली.

"सत्तर मिनिटं त्यांनी बरोबर मोजली होती," मापारीण म्हणाली. आता ती बसली. "पण ती पंधरा दिवसांपूर्वीची. सातवी जुडी रोज आणखी खचत होती. आणि ती आज ना उद्या जाणार, हे मला तीन महिन्यांपूर्वी दिसायला हवं होतं. आमचं झटपट यंत्र तेरा जुड्यांची सरासरी काढतं. बारा धडधाकट आणि एक मरायला टेकलेली, सरासरी बहात्तर. मी सही केली. त्या दिवशी ती बॅटरी भंगारात गेली असती, तर त्यांच्या पोरीला दुसरी मिळाली असती आणि ह्यातलं काही झालं नसतं. हे मी आज अहवालात लिहिणार आहे."

"आणि आमचं?"

"तेही लिहावं लागेल. नाहीतर पोलिस फिटरला धरतील, त्याची बिचाऱ्याची चूक हिरव्या दिव्याएवढी. आणि तुम्ही जन्मभर दोरा आणत राहाल."

"शपथ आहे मला."

"शपथ घालणारा माणूस आज असता तर त्यानेच सोडवली असती. तुमच्या नवऱ्याचं तोंड त्याला बघवलं नसतं." तिने घड्याळ पाहिलं. "दहाला दोघं येतील. तुम्ही सांगा. तुम्हाला नाही जमलं तर मी सांगेन. पण तुमच्या तोंडून ऐकणं वेगळं."

६

वहिनीने सांगितलं. मध्ये दोनदा थांबली, पण सगळं सांगितलं. थोरला भिंतीला टेकून उभा होता. पाच न उचललेल्या फोनांपाशी ती आली तेव्हा त्याने खिशातला मोबाइल काढला, पाहिला आणि परत ठेवला. वीज गेल्याच्या तासात आलेले ते फोन त्याने मंगळवारीच पाहिले होते. दोऱ्याचं बोलताना तो ते सोयीस्करपणे विसरला होता.

शेवटी धाकटीने एवढंच विचारलं, "तुला दम लागला होता?"

"काय?"

"धावलीस तेव्हा. किती लांब आहे ते गोदाम?"

"तीन किलोमीटर असेल. चपलेचा अंगठा तुटला. हातात घेतली."

धाकटीने तिच्या पायांकडे पाहिलं. टाचांना चिकटपट्ट्या होत्या. तीन दिवस घरात वावरत होत्या, कुणी विचारलं नव्हतं. ती उठली, बोळात गेली आणि बाइकची बॅटरी उपसून आत घेऊन आली. मापारणीच्या पायांशी ठेवली. "घेऊन जा. मला हिच्यावर बसता येणार नाही."

"मी सोडीन तुला रोज," थोरला म्हणाला. मग तो बायकोकडे वळला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे थेट पाहिलं. तो खाली बसला आणि तिच्या टाचेची सुटू लागलेली पट्टी अंगठ्याने दाबून बसवू लागला.

मापारीण ती बॅटरी उचलून बाहेर पडली.

अहवाल तिने दुपारी दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. "घरच्यांनी बॅटरी बदलली एवढं पुरे होतं की. सरासरीचं, सिलिंडरचं, तुमच्या सहीचं कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, काय ते शोधा. हे सापडलं."

"ते पान काढून टाका."

"पोलिसांना दिलंय मी. सगळी पानं."

पुढे जे व्हायचं ते झालं. पोलिसांनी वहिनीला दोनदा बोलावलं आणि अपघात म्हणून कागद मिटवला. मापारणीला टेबलावरून उठवून गोदामात बसवलं. पण वरून विचारणा झाली आणि त्या तिमाहीतल्या काठावरच्या, सत्तर ते पंच्याहत्तर आकड्याच्या साऱ्या बॅटऱ्या रस्त्यावरून परत मागवाव्या लागल्या. मोजणार कोण? तिला पुन्हा टेबलावर आणावं लागलं. दोनशे चौदा बॅटऱ्या तिने रोज दहा-दहा लावून पूर्ण भरल्या, पूर्ण रिकाम्या केल्या. एकोणीस अशा निघाल्या, ज्यांच्या पोटात एक जुडी मेलेली होती आणि वर लिहिलं होतं, चालेल. नियम बदलला. आता बारा चांगल्या जुड्यांना कुणी विचारत नाही. सगळ्यांत कच्ची जुडी किती दमाची, तेवढंच लिहितात. आणि रुग्णांच्या घरी सिलिंडर परत गेले.

दीडेक महिन्याने धाकटी टेबलाशी आली. मागे वहिनी होती, नव्या चपला घालून. मापारणीने त्यांच्यासाठी काढून ठेवलेली बॅटरी पुढे सरकवली.

"किती?" धाकटीने विचारलं.

"सगळ्यांत कच्ची जुडी चौऱ्याण्णव."

"आणि वर्षाने किती राहील?"

"माहीत नाही."

"त्या नव्या प्रकारच्या येणार होत्या ना, वीस वर्षांच्या?"

"येतील. इथे टेबलावर आल्या की मोजेन आणि मग सांगेन. तोवर दर तीन महिन्यांनी ही घेऊन या. नियमात सहा आहेत. तुम्ही तीनने या."

धाकटीने मान डोलावली आणि मुठीला हात घातला. वहिनीने दुसऱ्या बाजूने हात लावला. एकटीला सहज उचलता आली असती. दोघी ती मध्ये धरून, एकमेकींच्या पावलांशी पावलं जुळवत आवाराच्या दारातून बाहेर गेल्या.